भर रोवण्यात कमिटी

कमिटीसाठी जुलैमधल्या तारखा मी लिहून दिल्या, तेव्हा कार्यालयातल्या रहांगडाले बाबूंनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि त्या तारखा परत वाचल्या. चष्म्याने काही फरक पडला नाही.

"मॅडम, एकडाव अजून पाहून घ्या. तेव्हा तं भर रोवना राहते."

"हो. म्हणूनच."

"पोरी कोठून आनाच्या मंग?"

"आणायच्या नाहीत."

बाबूंच्या घरीही धान आहे. मग त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, जणू तो टेबलावर राहिला तर आणखी कोणाच्या तरी नजरेस पडेल.

कमिटी म्हणजे महाविद्यालयाचे मूल्यांकन करायला दर काही वर्षांनी बाहेरून येणारी समिती. ती कॉलेजला श्रेणी देते. त्या श्रेणीवर अनुदान, नव्या तुकड्या आणि प्राचार्यांची झोप अवलंबून असते. सध्या प्राचार्यपदाचा प्रभार माझ्याकडे आहे आणि वर्ष संपताना मी निवृत्त होते, त्यामुळे झोपेचा प्रश्न मला तितकासा सतावत नाही. रोवणा म्हणजे धानाची लावणी. गोंदिया जिल्ह्यात हे कोणाला सांगावे लागत नाही. पण जिथे वेळापत्रके ठरतात तिथे सांगावे लागते, आणि सांगूनही उपयोग होत नाही, हे मी नोकरीभर पाहिले आहे.

या आठवड्यात रोज सकाळी कुडव्यातून गाडी काढते आणि गाव मागे पडले की रस्ताच बदललेला असतो. डांबरावर ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांचे चिखलाचे ठसे. दोन्ही बाजूंच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, पाणी, त्यात उलटे आभाळ, आणि ट्रॅक्टरमागे बगळ्यांची रांग, शिस्तीत, जणू त्यांचीही हजेरी घेतली जाते. मालवाहू रिक्षात उभ्या बायका. लुगड्यावर नवऱ्याचा किंवा भावाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात डबा. त्यांच्यातली एखादी मला पाहून हात हलवते आणि मग पटकन खोळ पुढे ओढते. ती माझ्या वर्गात असते. मीही पाहिले नाही असे दाखवते. आमच्यातला हा जुना करार आहे, आणि अलिखित असल्यामुळेच आजवर पाळला गेला आहे.

चिखलाचा वास आला की मला बऱ्याच वर्षांपूर्वीचा तो रोवणा आठवतो, ज्या वर्षी कमिटी चुकून रोवण्यात आली होती.

चुकून म्हणजे कशी, ते सांगायला हवे, कारण अशी चूक करायला फार शिकलेली माणसे लागतात. तारखा ठरवायला बैठक बसली. प्राचार्य पटले सर मध्यभागी, बाजूला संस्थेची मंडळी. पंचांग आणले गेले. राहुकाळ पाहिला. आमदार त्या दिवसांत मुंबईला तर नाहीत ना, हे पाहिले. संस्थाध्यक्षांच्या नातवाचे जावळ आडवे येत होते, ते टाळले. एवढे सगळे टाळल्यावर जुलैतले तीन दिवस उरले आणि ते सर्वानुमते शुभ ठरले. बैठकीतला प्रत्येक माणूस धानाच्या घरातला. कोणाच्या आजोबांनी गावच्या तलावाची पाळ बांधली, कोणाच्या वडिलांनी त्या तलावाचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचवायला भांडणे केली. पण जुलैत बांधीत परे किती वर आलेले असतात हे त्या दुपारी कोणाच्याही मनात आले नाही. परे म्हणजे धानाची रोपे. ती ठरल्या वेळेत उपटून लावली नाहीत तर बसल्या जागी म्हातारी होतात. मी तेव्हा गुणवत्ता कक्षाची समन्वयक होते. मी हात वर करून म्हटले, "सर, त्या दिवसांत रोवणा आहे."

पटले सर हसून म्हणाले, "मॅडम, आपण कॉलेज चालवतो, शेती नाही."

बैठकीत चहा आला आणि विषय संपला.

मग तयारी सुरू झाली. तयारी म्हणजे तास बंद. भिंती पोपटी झाल्या. दालनात विचारवंतांच्या तसबिरी आल्या. त्यातल्या दोघांची नावे एकमेकांच्या तसबिरीखाली लागली होती आणि ती तशीच राहिली, कारण ते कोणाच्या लक्षात आले नाही. पोर्चसमोर कारंजे बसवले, ऐन पावसाळ्यात. वरूनही पाणी आणि खालूनही पाणी. मुलांना रांगेत उभे करून पाहुणे आत आले की कसे वाकायचे, किती हसायचे याचा सराव घेतला. प्राध्यापकांना कोट सक्तीचा झाला. गोंदियाच्या जुलैतल्या दमटपणात कोट घातलेला भूगोलाचा प्राध्यापक मी पाहिला आहे. मान्सूनची आर्द्रता त्याने स्वतःवरच दाखवून दिली.

पुष्पगुच्छांची जबाबदारी माझ्यावर होती. गोंदियाच्या बाजारातला फुलवाला म्हणाला, "मॅडमजी, कमेटी के लिए ना? बड़ावाला लो. छोटा देखके वो लोग नंबर काट लेते हैं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"हर कॉलेज का मैं ही तो करता हूँ. आपसे पहले तीन का हो गया. एक को अच्छा नंबर आया, उसने ऑर्किड लिया था."

मूल्यांकनाचे इतके स्पष्ट निकष मला कोणत्याही पुस्तिकेत सापडले नव्हते. मी झेंडू घेतला.

त्याच दिवशी दुपारी निरंजना कापगते विभागात आली. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होती, अर्थशास्त्राला. सौंदडकडच्या एका गावाची. उंच, किंचित वाकून चालणारी, आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे पाहणारी.

"मॅडम, उद्यापासून आमी येऊन नाई रायलो."

"किती जणी?"

"आमच्या टोळीतल्या सगळ्याच. गुत्ता घेतला आहे."

गुत्ता म्हणजे एकराप्रमाणे ठरवून घेतलेले काम. टोळी पूर्ण असेल तर ते वेळेत होते, एक जरी गळाली तरी बाकीच्यांच्या कंबरेवर येते. त्या पैशातून या पोरींची वर्षाची फी भरली जात असे, पुस्तके येत, आणि कधी कधी घरी न सांगता एखादी लिपस्टिकही. माझ्या विभागात कोणतीही शिष्यवृत्ती याइतकी नियमित आलेली नाही.

दर वर्षी मी त्यांना जाऊ देत असे आणि बुडलेले पाठ पुढे रविवारी, दिवाळीच्या सुटीत घेत असे. पण या वेळी पटले सरांनी फर्मान काढले. कमिटीच्या तिन्ही दिवशी प्रत्येक वर्ग भरलेला दिसला पाहिजे. जी मुलगी दिसणार नाही, तिची हजेरी अपुरी धरली जाईल आणि तिचा परीक्षेचा फॉर्म जाणार नाही. म्हणजे वर्ष गेले. आमच्याकडे मुलीचे एक वर्ष गेले की ते एकच वर्ष जात नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचे लग्न होते आणि कॉलेजचा विषय घरातून कायमचा उठतो.

निरोप तरी त्यांच्या कानावर घातला पाहिजे म्हणून मी बांधीवर गेले.

सौंदडच्या अलीकडे रस्ता सोडून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालत जावे लागले. मी त्याच भागातली. शाळेच्या वयात आईबरोबर रोवलेले आहे. आधी मजा वाटते, कारण चिखल कोमट असतो आणि घोट्यापर्यंत पाय बुडतो तेव्हा जमीन आपल्याला धरून ठेवते. दुपारपर्यंत कंबर वेगळी होते. संध्याकाळी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि रात्री आई त्यांना तेल-हळद लावते. नखांतला काळा रंग आठवडाभर जात नाही. सकाळी डब्यात बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात ठेवलेला भात, सोबत कांदा. रोवणा हे मागे सरकत करायचे काम आहे. चेहरा केलेल्या कामाकडे, पाठ राहिलेल्या कामाकडे. म्हणून किती उरले ते कळत नाही, आणि बहुधा त्यामुळेच ते पूर्ण होते.

निरंजनाने मला पाहिले आणि सरळ उभी राहिली. तिच्या शेजारी तिची आई होती. तिने मान वर केली, हात थांबवले नाहीत.

मी जे सांगायचे ते सांगितले. सर काय म्हणाले, फॉर्मचे काय होईल, सगळे. जुड्या सोडण्याचा, चिखलात बोटे जाण्याचा तेवढा आवाज.

निरंजनाची आई म्हणाली, "काऊन व मॅडम, तुमची कमिटी भात नाई खाय का?"

टोळी हसली. मीही हसले. निरंजना हसली नाही.

"मॅडम, आज आमी उठलो तं हे रान पडते," ती म्हणाली. "मालकाचं नुकसान होते, अन् पुढच्या साली आमाले गुत्ता कोन देईल? नाई उठलो तं फॉर्म जाते. तुमी शिकवलं होतं ना, एक घेतलं का दुसरं सोडा लागते. आता तुमीच सांगा, काय सोडू?"

वर्गात हा प्रश्न मी फळ्यावर सोडवत असे, दोन अक्ष आणि एक रेषा काढून. तिथे चिखलात उभी असलेली मुलगी माझ्या कपाळाकडे पाहत होती.

"काही सोडू नका," मी म्हटले. "रोवा. फॉर्मचं मी पाहते."

कसे पाहणार हे मला माहीत नव्हते. परत येताना धुऱ्यावर दोनदा घसरले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती माझ्या विषयाची आहे. अभ्यासक्रमात छुप्या बेकारीचा एक पाठ आहे. खेड्यातल्या शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसे असतात, त्यातली काही काढून घेतली तरी उत्पन्न कमी होत नाही, असा त्याचा सारांश. विद्यापीठाच्या नियोजनात हा पाठ जुलैत येतो. म्हणजे नोकरीभर दर जुलैत, खेड्यातली माणसे बिनकामाची असतात हे शिकवायला मी वर्गात उभी राहत आले, आणि ते ऐकायला कोणी नसे, कारण सगळे कामावर असत. एका उन्हाळ्यात उत्तरपत्रिका तपासण्याच्या केंद्रावर माझ्या गठ्ठ्यात एक उत्तर आले: पुस्तकातली व्याख्या अचूक, आणि खाली एक वाक्य, "पण रोवण्यात आमच्या गावात एकही माणूस जास्तीचा नसतो, त्यामुळे हे कोणत्या महिन्यात मोजले ते लिहायला हवे होते." मी पूर्ण गुण दिले. नियामकांनी त्यातला एक कापला. कारण विचारले तर म्हणाले, नमुना उत्तरात हे नाही. मी म्हटले, नमुना उत्तरात महिनाही नाही. त्यांनी गुण परत दिला नाही, पण दुपारच्या जेवणात माझ्या समोर बसणे टाळले. तेवढ्यावर मी समाधान मानले.

असो. कमिटी आली. पुष्पगुच्छ, शाली, कारंजे, पाऊस.

अर्थशास्त्राच्या वर्गात अकरावीची मुले आणून बसवायचे ठरले होते. मला आदल्या संध्याकाळी कळले. सकाळी लवकर जाऊन मी वर्गाच्या दारात खुर्ची टाकली आणि बसले. मुलांना घेऊन आलेला शिपाई मला पाहून थांबला, मग म्हणाला, "मॅडम, सरांनी सांगतलं, यायले आत बसवाचं."

"सरांना सांगा, मॅडम दारात बसल्या आहेत."

तो गेला. मुलेही गेली, फार आनंदाने. सर आले नाहीत, कारण तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या लागल्या.

कमिटी माझ्या वर्गाशी आली तेव्हा मी खुर्ची बाजूला केली. अध्यक्ष उत्तरेकडचे, निवृत्त कुलगुरू, वागण्यात सौम्य. त्यांनी पोपटी भिंतींमधली रिकामी बाके पाहिली.

"मैडम, बच्चे कहाँ हैं?"

"सर, धान लगाने गए हैं."

"आज छुट्टी है?"

"नहीं सर. काम है."

पटले सर मागे उभे राहून खोकत होते. मी रिकाम्या बाकांसमोर उभी राहून माझ्या विभागाची माहिती दिली. या मुली केव्हा जातात, का जातात, बुडलेले पाठ केव्हा घेतले जातात, आणि रविवारचा तास कोणत्याच रकान्यात बसत नाही तरी मी तो घेते, हेही सांगितले. अध्यक्षांनी ऐकून घेतले. त्यांच्यासोबतच्या सदस्याने घड्याळ पाहिले. कोणी वाद घातला नाही, कोणी शाबासकीही दिली नाही. नाटकात अशा वेळी कोणीतरी टाळ्या वाजवतो. इथे शेजारच्या वर्गातून सराव केलेले हसू ऐकू आले.

श्रेणी आली ती अपेक्षेपेक्षा एक पायरी खाली. अहवालात उणिवांच्या यादीत एक ओळ होती: काही विभागांत हंगामी गैरहजेरी. विभाग एकच होता, पण अनेकवचनाने दुखणे वाटून घेतले.

पटले सरांनी मला बोलावले. समोर परीक्षेच्या फॉर्मचा गठ्ठा होता, आणि त्यातले माझ्या मुलींचे फॉर्म वेगळे काढून ठेवले होते.

"मॅडम, तुमच्या एका वर्गामुळे कॉलेज खाली आलं. आता या फॉर्मवर मी सही करू? हजेरी कुठे आहे?"

"सर, रंगरंगोटी चालू होती त्या दिवसांत कोणता तास झाला?"

"तो प्रश्न वेगळा आहे."

"तोच आहे. त्या दिवसांत कॉलेजात एकही तास झाला नाही, पण सगळ्यांची हजेरी भरली. मुलं रांगेत उभी राहून वाकायला शिकत होती. त्याला शिक्षण म्हणायचं असेल तर धान लावण्यालाही म्हणू. म्हणायचं नसेल, तर ते दिवस सगळ्यांचेच काढा. मग अख्ख्या कॉलेजची हजेरी अपुरी पडते. मी तसं लिहून द्यायला तयार आहे."

सरांनी फॉर्मवरचा कागददाब उचलून बाजूला ठेवला.

"तुम्ही अर्थशास्त्रवाले फार हिशेबी," ते म्हणाले.

"पगार त्याचाच मिळतो, सर."

त्यांनी सह्या केल्या. शेवटच्या फॉर्मवर पेन थांबले. "माझ्या आईनंही जन्मभर रोवलं आहे, मॅडम. तुम्हाला वाटतं मला कळत नाही?"

"कळतं, सर. म्हणून तर राग येतो."

त्यांनी तीही सही केली. मी फॉर्म उचलले.

त्यानंतर समित्यांवरून माझे नाव हळूहळू गळत गेले आणि सत्कार कमी झाले. कपाटात बरीच जागा झाली. प्रभारही आता मिळाला तो ज्येष्ठतेने, कोणाच्या प्रेमाने नव्हे. निरंजना दुसऱ्या श्रेणीत पास झाली. ती कलेक्टर झाली नाही. अशा लेखांच्या शेवटाकडे मुलींना कलेक्टर करायची पद्धत आहे, पण ती लग्न होऊन आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडच्या एका गावात गेली, तिथल्या बायकांची टोळी चालवते, मुलीला गणित शिकवते, आणि मालकाशी दर ठरवताना दोन बोटे वर करून सांगते, यापेक्षा कमी नाही. मला हे पुरेसे वाटते. ज्यांना पुरेसे वाटत नाही त्यांनी रोवून पाहावे.

मग या वर्षी तारखा ठरवण्याची पाळी माझी आली. रहांगडाले बाबू मानतात की मी सूड घेते आहे. सूड नाही. हिवाळ्यात बोलावले असते तर कमिटीला भरलेले वर्ग दिसले असते आणि तेही खोटे ठरले नसते. पण मग माझ्या कॉलेजबद्दलची सर्वांत खरी गोष्ट कोणी न पाहताच मी घरी गेले असते. ज्यांना आमचे मूल्य ठरवायचे आहे, त्यांनी आम्ही सर्वांत जास्त कामात असतो तेव्हा यावे. आमची श्रेणी त्या दिवसाची असू दे. इतर दिवशी आम्हीही चारचौघांसारखेच असतो.

कमिटी उद्या येते. भिंती रंगवलेल्या नाहीत, तास आजही झाले, जे झाले ते.

आज दुपारी पोरी आल्या. तिसऱ्या वर्षाची वैष्णवी पुढे, बाकीच्या तिच्या मागे, व्हरांड्यात पायांवरचा वाळलेला चिखल फरशीवर सांडत. थेट बांधीतून आल्या होत्या.

"मॅडम, आमी सगळ्यांनी ठरवलं," वैष्णवी म्हणाली. "उद्या आमी वर्गात बसतो. तिन्ही दिवस."

"का?"

"तुमचं शेवटचं वर्ष आहे. तुमाले कोनी बोललं नाई पायजे."

"आणि गुत्ता?"

मागून कोणीतरी म्हणाले, "मालकाले फोन केला होता. तो म्हनते, उद्या नाई आले तं येऊच नका, दुसरी टोळी लावतो."

मी खोटे कशाला सांगू, मला मोह झाला. फर्मान काढून, दम देऊन भरवलेला वर्ग नाकारणे सोपे असते. प्रेमाने येऊन बसणाऱ्या मुलींना काय म्हणायचे? क्षणभर मला तो भरलेला वर्ग दिसला, तेल लावून विंचरलेल्या वेण्या, पुढच्या बाकावर वैष्णवी. कोणीही त्याला बनाव म्हटले नसते. त्या माझ्याच विद्यार्थिनी, माझ्याच वर्गात. निवृत्तीच्या वर्षी चांगली श्रेणी, एक शाल, एक फोटो. आणि या पोरींचा हंगाम गेला असता, माझ्या फोटोसाठी.

"वैष्णवी, मालकाला फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर."

तिने लावला. पलीकडून मालक आधी तोंड सोडून बोलला, मग ऐकू लागला. ती म्हणाली, "हो दादा, येतो. सगळ्याच येतो. नाई, एकही कमी नाई." तिने फोन ठेवला.

"अन् मॅडम, कमिटीनं इचारलं तं?"

"सांगेन."

"ग्रेड कमी देल्ली तं?"

"देऊ दे. ती त्यांनी दिलेली असेल, आपण केलेली नाही."

तिला ते पटले की नाही कळले नाही. मागची एक जण म्हणाली, "चाल व, अंधाराच्या आधी परे उपटाचे आहेत." आणि त्या गेल्या. व्हरांड्यात चिखलाची पावले राहिली. शिपाई झाडू घेऊन आला. मी त्याला म्हटले, राहू दे, तिसऱ्या वर्षाच्या वर्गातली बाके तेवढी पुसून ठेव, दार सताड उघडे ठेव, आणि उद्या तिथे कोणालाही बसू देऊ नको. त्या जागा भरलेल्या आहेत.